संस्कृत शिकणाऱ्या मुलांना शब्दसंग्रहाचा वेगळा तास हवा का?

जुळे सोलापुरातल्या एका आईचा प्रश्न आहे. दोन्ही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. थोरली 12 वर्षांची, धाकटा 9 वर्षांचा. गेली तीन वर्षं रोज सकाळी संस्कृत चालू आहे. सुभाषितं झाली, शब्दरूपं झाली, गीतेचा दुसरा अध्याय झाला, सहावा चालू आहे. आई मराठी, वडिलांच्या घरी तेलुगू. ओळखीच्या एका पालकांनी सांगितलं की मराठीची आणि इंग्रजीची शब्दसंग्रहाची वेगळी पुस्तकं आणा आणि रोज 20 शब्द पाठ करून घ्या, नाहीतर मुलं दहावीला मागे पडतील. पुस्तकं आणली, महिनाभर केलं, मुलं कंटाळली. हे चालू ठेवायचं की सोडून द्यायचं, असं त्या विचारतात.

ताई, आधी थेट उत्तर देते. रोजचे 20 शब्द बंद करा. पण संस्कृत चालू आहे म्हणजे शब्द आपोआप येतील, असं समजून निर्धास्तही राहू नका. संस्कृतमुळे शब्द कसा घडला ते मुलाला कळतं. तोच शब्द आज आपल्या घरात, आपल्या गावात कोणत्या अर्थाने चालतो, ते माणसांच्या बोलण्यातूनच येतं. शाळेत जाणाऱ्या मुलाला दिवसभर पन्नास तोंडांची मराठी ऐकू येते. घरी शिकणाऱ्या मुलाला ती आपण मुद्दाम ऐकवावी लागते. मी 31 वर्षं सोलापुरात शाळेत संस्कृत शिकवलं आणि निवृत्तीनंतर गेली 9 वर्षं घरी शिकणारी मुलं माझ्याकडे येतात. या प्रश्नात दोन बाजूंनी चूक होऊ शकते, आणि त्या दोन्ही माझ्या हातून झाल्या आहेत.

पहिली शाळेतली. दर शनिवारी मी फळ्यावर 20 शब्द अर्थांसह लिहून द्यायची आणि सोमवारी विचारायची. मुलं पैकीच्या पैकी मिळवायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांतलेच शब्द धड्यात आले की वर्गात शांतता. सोमवारपुरतं पाठ केलेलं सोमवारीच संपलेलं असायचं. शब्दाला शेजार नव्हता, गोत नव्हतं, तो यादीत वरून सातवा होता म्हणून लक्षात होता. तुमची मुलं महिन्याभरात कंटाळली, त्यात त्यांचा काही दोष नाही.

दुसरी चूक उलटी. एक 13 वर्षांची मुलगी माझ्याकडे येत होती, विलक्षण हुशार. कोणताही समास सोडवायची. मी खूश होते आणि धातू, उपसर्ग, प्रत्यय यांपलीकडे काहीच करत नव्हते. एकदा तिने जुन्या वाड्यावर निबंध लिहून आणला. त्यात द्वार होतं, गवाक्ष होतं, सोपान होता, प्रांगण होतं. मी तिला उत्तर कसब्यातल्या एका ओळखीच्या जुन्या घरी घेऊन गेले आणि दारात उभं राहून एकेका गोष्टीवर बोट ठेवलं. हा उंबरठा, ही कडी, हा कोयंडा, हा अडसर, ही बिजागरी. आत कोनाडा, फडताळ, वर माळवद. तिला या आठांतले दोन माहीत होते. गवाक्ष म्हणजे गाईच्या डोळ्यासारखी खिडकी, हे तिने मला तिथल्या तिथे फोड करून सांगितलं, आणि ज्या अडसराला तिचा हात टेकला होता त्याचं नाव तिला येत नव्हतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण तिला शिकवणारी मी होते.

तेव्हा दोन्ही गोष्टी लागतात. किती कुठे लागतात, ते सांगते.

हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. वेदातल्या शब्दांची यादी म्हणजे निघंटू, आणि त्या शब्दांची उकल करणारं यास्काचं निरुक्त. म्हणजे यादी आणि उकल ही जोडी तेव्हापासून आहे. त्याच निरुक्तात यास्काने दोन मतं नोंदवली आहेत. शाकटायन म्हणतो, सगळी नामं धातूंपासून झाली आहेत. गार्ग्य म्हणतो, सगळी नाहीत. यास्क स्वतः शाकटायनाच्या बाजूचा. मुलांना शिकवताना मीही आधी शाकटायनाचा हात धरते, पण गार्ग्याला विसरून चालत नाही, हे त्या वाड्याच्या दारात शिकले.

शाकटायनाच्या वाटेने काय मिळतं ते आधी पाहू, कारण तुमच्या मुलांकडे ते भांडवल आधीच आहे.

तुमच्या सासरी कोणी मागावर काम केलेलं आहे का? पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बहुधा असतंच. माझ्याकडच्या एका मुलाचे आजोबा हातमागावर बसलेले, नंतर यंत्रमागावर. त्याला मी तन् हा धातू दिला, अर्थ ताणणं, पसरणं, आणि सांगितलं की आजोबांना विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो ताणा, बाणा, धोटा, कांडी असे शब्द घेऊन आला, आणि वहीत एक चित्रही होतं. उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा. मग आम्ही बसलो. तन् पासून तंतू. तन् पासूनच तंत्र, आणि संस्कृतात तंत्र या शब्दाचा एक अर्थ चक्क माग, ताणलेला ताणा असा आहे. तंत्र म्हणजे बांधीव रचना, म्हणून तंत्रज्ञान. गाण्यातली तान तीच, ताणलेली. संतान, संतती म्हणजे घराण्याचा पुढे ताणत गेलेला धागा. वितान म्हणजे वर ताणलेला मांडव. मग सूत्र आलं: त्याचं सूत झालं आणि गणिताचं सूत्रही राहिलं, नाटकातला सूत्रधारही. धागा तुटला की आजोबा गाठ मारतात ती गाठ संस्कृत ग्रन्थि, आणि पानं बांधून होतो तो ग्रंथ. जाताना मी त्याला घरातल्या सोलापुरी चादरीचं टोक बघायला सांगितलं. कापडाच्या कडेचे सुटे धागे, त्यांना संस्कृतात दशा म्हणतात, आणि अमरकोशाने, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशाने, बजावलंय की या अर्थी तो शब्द बहुवचनात येतो. त्याची आजी नेमकं तेच म्हणत होती, “चादरीच्या दशा निघाल्यात.” अनेकवचनातच. ते ऐकून पोरगं नाचलं.

हे सगळं दीड तासात झालं. वीस शब्दांची यादी नव्हती, पण मोजलेत तर वीसच्या आसपास भरतील, आणि चार वर्षांनी त्याला ते आजही येतात. शब्दसंग्रहाचा तास म्हणायचं तर तो हाच.

शास्त्राच्या पुस्तकांत तर याचा फायदा इतका आहे की पालकांना तो दिसत कसा नाही, याचंच मला नवल वाटतं. मराठीतून विज्ञान वाचणाऱ्या मुलाला परावर्तन आणि अपवर्तन हे दोन शब्द कायम एकमेकांत मिसळतात. वृत् म्हणजे फिरणं, वळणं, असणं. परा म्हणजे मागे, उलट. किरण आरशावर आपटून माघारी वळला, परावर्तन. अप म्हणजे बाजूला. पाण्यात शिरताना त्याची वाट बाजूला वळली, अपवर्तन. पुन्हा कधी चुकत नाही. त्याच धातूचं वर्तुळ, वर्तमान, परिवर्तन, निवृत्ती, आणि रसायनातली आवर्तसारणी, जिच्यात गुणधर्म फिरून फिरून येतात. तसंच बाष्पीभवन, द्रवीभवन, शुद्धीकरण. इथे संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय आहे, अर्थ ‘जे आधी तसं नव्हतं ते तसं होणं’. आधी वाफ नव्हती, आता झाली. आपणहून झालं तर भवन, कोणी केलं तर करण. आणि या प्रत्ययामुळे शुद्ध या शब्दाच्या शेवटच्या अ चा दीर्घ ई होतो, म्हणून शुद्धीकरण लिहायचं, शुद्धिकरण नाही. या एका नियमाने मुलाचं शुद्धलेखन सुधारतं, विज्ञान कळतं आणि व्याकरण पक्कं होतं. बुद्धी एकटी आली की मराठीत दीर्घ, बुद्धिमान म्हटलं की ऱ्हस्व, हेही ज्याला मूळ शब्द इकारान्त आहे हे माहीत आहे त्याला पाठ करावं लागत नाही.

उपसर्गांचं बळ सांगणारा एक जुना श्लोक आहे, तो दोघांनाही पाठ करायला लावा: “उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥” उपसर्ग धातूच्या अर्थाला ओढून भलतीकडे नेतो. हृ म्हणजे नेणं, हरण करणं. त्याचेच प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. श्लोक झाला की मुलांना घेऊन बाहेर पडा आणि खाण्याच्या जागांच्या पाट्या वाचा. कुठे ‘उपाहारगृह’ लिहिलेलं असेल, कुठे ‘उपहारगृह’. उप अधिक आहार म्हणजे उपाहार, हलकं खाणं. उपहार म्हणजे भेट. माझ्याकडच्या एका मुलीने एका पाटीसमोर उभं राहून विचारलं होतं, “बाई, इथे फुकट भेट देतात का?” ती पाटी तिला जन्मात विसरणार नाही, आणि तो काना तर नाहीच नाही.

आता अमरकोश. पाठांतराविरुद्ध मी बोलतेय असं वाटलं असेल तर तसं नाही. आपल्या परंपरेत शब्दांचा वेगळा पाठ होताच, आणि तो अमरकोश. फरक एवढाच की अमरसिंहाने शब्द वर्गांत बसवले, छंदात बसवले, लिंगासकट दिले. पाण्याचे शब्द एका ठिकाणी, वाऱ्याचे एका ठिकाणी. “आपः स्त्री भूम्नि वार्वारि सलिलं कमलं जलम्” म्हणताना मूल शब्दांचं अख्खं कुटुंबच तोंडात घोळवत असतं. थोरलीला वारिवर्गातल्या या चारपाच ओळी द्या. मग जल, वारि, नीर, अंबु, तोय हे पाच शब्द घ्या. पुढे ज लावा, ‘तिथे जन्मलेलं’, की कमळ झालं: जलज, वारिज, नीरज, अंबुज, तोयज. द लावा, ‘देणारा’, की ढग: जलद, वारिद, नीरद, अंबुद, तोयद. धि लावा, ‘साठा’, की समुद्र: जलधि, वारिधि, अंबुधि. मुलांना यात बांधकामाचा आनंद मिळतो. वर्गात दोन नीरज असायचे, त्यांना आपल्या नावाचा अर्थ या दिवशी पहिल्यांदा कळायचा. पण नऊ वर्षांच्याला अर्थ विचारू नका. त्याला नुसतं म्हणू द्या, चालीत.

इथपर्यंत शाकटायन. आता तो कुठे अपुरा पडतो ते पाहा.

सगळ्यांत मोठा खड्डा आहे तो अर्थ सरकलेल्या शब्दांचा. शब्द दिसायला तोच, पण संस्कृतात एक आणि मराठीत दुसरं. यादी पाठ करणारं मूल इथे फसतं आणि धातू शिकलेलं मूलही फसतं, कारण दोघांना वाटतं की हा शब्द मला येतो. तुमच्या मुलांनी दुसरा अध्याय केलाय, तर त्यांना ‘वीतरागभयक्रोधः’ विचारा. स्थितप्रज्ञाचं वर्णन आहे. माझ्याकडचा एक दहा वर्षांचा मुलगा यावर अडला होता. म्हणाला, राग पण गेला आणि क्रोध पण गेला, म्हणजे एकच गोष्ट दोनदा का सांगितली? मला तो प्रश्न फार आवडला. संस्कृतात राग म्हणजे ओढ, आसक्ती. रञ्ज् धातू, रंगणं. मन एखाद्या गोष्टीत रंगलं की राग. त्याचा अनुराग, त्याचं रंजन, रंगही तिथलाच. मराठीत तोच शब्द चिडण्याला लागला. गाण्यातला राग मात्र मूळ रंगाजवळ राहिला. त्या मुलाने त्या दिवशी एका शब्दाचे तीन संसार पाहिले.

संसार म्हटलं, तर तोही असाच. संस्कृतात जन्ममरणाचं चक्र, मराठीत भांडीकुंडी आणि घरखर्च. दुसऱ्याच अध्यायात ‘व्यवसायात्मिका बुद्धिः’ आहे. तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय, कापडाचा धंदा नाही. सहाव्यात ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ येईल. चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न. धाकटा नक्की विचारेल की कामात चेष्टा कशी चालते! शिक्षा, कौतुक, साहस, वेदना, अभ्यास, यांतला एकही शब्द संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत उतरलेला नाही. यांच्यासाठी मात्र वेगळं थांबावं लागतं. धडा चालू असताना शब्द आला की तिथेच थांबायचं, अर्थ कुठून कुठे गेला ते बोलायचं, आणि पुढे जायचं. वेगळा तास काढून या शब्दांची यादी केलीत तर पुन्हा वरून सातवा असंच होईल.

आणि ताई, या बाबतीत तुमच्या घरात जे आहे ते पुण्यामुंबईच्या पालकांना पैसे देऊन मिळणार नाही. सासरी तेलुगू आहे ना? मुलांच्या आजीला विचारा, प्रपंचम् म्हणजे काय. त्या सांगतील, जग. आपल्याकडे प्रपंच म्हणजे घरसंसार. चरित्र म्हणजे त्यांच्याकडे इतिहास, आपल्याकडे एका माणसाची जीवनकथा. अभिमानम् म्हणजे त्यांच्याकडे प्रेम, जिव्हाळा, आपल्याकडे गर्व. शेजारी कानडी कुटुंब असेल तर उपन्यास विचारा, ते व्याख्यान म्हणतील. हिंदीत तीच कादंबरी. एक संस्कृत शब्द सोलापुरात एका गल्लीत चार अर्थांनी राहतो. मुलांनी दुपारी हे गोळा करत हिंडावं. घरी शिकण्याचा खरा लाभ हा आहे की दुपार मोकळी असते.

दुसरा खड्डा, ज्यांचं मूळ संस्कृतात नाहीच अशा शब्दांचा. संस्कृत शिकणाऱ्या मुलांच्या मनात हळूहळू एक समजूत बसते की संस्कृत शब्द तो उंच आणि बाकीचा गावंढळ. ही समजूत वेळीच काढली नाही तर मुलाची मराठी पुस्तकी होते. घृत शिकलेल्या मुलाला सांगा की त्याचं हिंदीत घी झालं, पण आपण म्हणतो ते तूप कानडीतल्या तुप्पवरून आलं. अडकित्ता तिकडूनच, अण्णा, अक्काही. दुकान, बाजार, हिशेब, जमा, खर्च, कागद, वकील हे फारसी-अरबीतून. बटाटा, चावी, पगार पोर्तुगीजांकडून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यातले काही शब्द रुळले, आणि दुकान, कागद आपल्या जागी राहिले. हे मुलांना सांगितलं की त्यांना कळतं, शब्दाला जात नसते, वापर असतो.

हे शब्द पुस्तकातून येत नाहीत. मंगळवारी मुलांना भाजी आणायला एकटं पाठवा आणि परत आल्यावर विचारा, भाजीवालीने जुडी म्हटलं, पेंढी म्हटलं की वाटा म्हटलं. सुताराला घरी बोलावलंत तर मुलांना त्याच्याजवळ बसवा. सायकल पंक्चरवाला, शिंपी, पिठाची गिरणी, सगळीकडे तिथले शब्द असतात. वाक्प्रचारांचंही तसंच. हात म्हणजे हस्त आणि कान म्हणजे कर्ण हे ठाऊक असलेल्या मुलाला ‘हातावर तुरी देणे’ किंवा ‘कानाडोळा करणे’ यांचा अर्थ कोणताही धातू सांगणार नाही. ते आजीच्या भांडणातून येतं, शेजारणीच्या गप्पांतून येतं.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. परदेशात घरी शिकणारी मुलं लॅटिन शिकतात तेव्हा त्यांच्या पालकांनाही हाच प्रश्न पडतो, आणि तिथे उत्तर जास्त सोपं आहे, कारण इंग्रजीत लॅटिनमधून आलेले शब्द अफाट आहेत. स्क्रिबेरे म्हणजे लिहिणं हे कळलं की स्क्रिप्ट, मॅन्युस्क्रिप्ट, प्रिस्क्रिप्शन, सबस्क्रिप्शन एका माळेत येतात. संस्कृत आणि मराठीचं नातं तसंच आहे. संस्कृत आणि इंग्रजीचं तसं नाही. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्स याने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं म्हटलं, आणि दंत-डेंटल, नाम-नेम अशा जोड्या मुलांना दाखवायला छानच आहेत. पण त्यावर इंग्रजी शब्दसंग्रह उभा राहत नाही. त्यासाठी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं भरपूर वाचायला द्या, मोठ्याने वाचून घ्या. थोरलीला हवंच असेल तर दहापंधरा लॅटिन-ग्रीक मुळं शिकवा, याच पद्धतीने. तिला धातू आणि उपसर्ग कळतात, त्यामुळे ट्रान्स, सब, प्री हे तिला ओळखीचेच वाटतील.

परीक्षेची भीती तुम्हाला कोणीतरी घातलेली दिसते. मुलगी मुक्त विद्यालयाकडून, म्हणजे एनआयओएसकडून, दहावीला बसवणार असाल तर वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे हातात वेळ आहे. तिथे संस्कृत हा विषयही घेता येतो. राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा फॉर्म, भरून बसवणार असाल तर मराठीच्या पेपरात समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द असे प्रश्न असतात. त्यासाठी परीक्षेच्या आधी दोनतीन महिने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की पुरतं. बाराव्या वर्षी त्याची तयारी कशाला? समानार्थी शब्दांचं म्हणाल तर अमरकोशाच्या दहा ओळी येणाऱ्या मुलीला परीक्षकच काय विचारणार.

मी सध्या कसं करते ते सांगते, जसंच्या तसं घ्या असं नाही. संस्कृतच्या वेळातली शेवटची दहा मिनिटं ठेवते. आठवड्याला एकच धातू. वहीचं एक पान, डावीकडे संस्कृत कुटुंब, उजवीकडे तेच शब्द आज मराठीत कसे आहेत. उजवीकडे अर्थ लिहू देत नाही, वाक्य लिहायला लावते, आणि ते कोणाकडून तरी ऐकलेलं किंवा वर्तमानपत्रात वाचलेलं हवं, कोण म्हणालं तेही लिहायचं. ‘भूसंपादनासाठी अधिग्रहण’ असं बातमीत आलं तर ग्रह् च्या पानावर जातं, तिथे संग्रह, आग्रह, अनुग्रह, निग्रह आधीच बसलेले असतात. शब्दसंग्रह हा शब्दही त्याच पानावर! तीन आठवड्यांनी वही मिटून मी त्याच कुटुंबातला एक नवा शब्द विचारते, मुलाने कधी न ऐकलेला. अर्थाचा अंदाज करता आला की पान पक्कं. नाही आला तर ते पान पुन्हा. धाकट्याला वही नको, तोंडीच.

आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला मुलांना नेत असालच. तिथल्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता सोहळ्याच्या वेळी हातातल्या तांदळाकडे बघून थोरलीला शब्द सोडवायला सांगा. अ अधिक क्षत, न मोडलेले, न दुखावलेले. मग हा सोहळा जिथे होतो त्या संमती कट्ट्याकडे बोट दाखवा. सम् अधिक मन्, एकत्र मन होणं. मत, मती, अनुमती, मनन, मंत्र, सगळे तिथेच. तिने विचारलं की अक्षता आणि संमती लग्नातच का लागतात, तर उत्तर तिलाच शोधू द्या. आणखी एक दिवस काढून हत्तरसंग कुडलला जा, भीमा आणि सीनेच्या संगमावर. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. हे जो वाचेल तो विजयी होईल, असा त्याच्या शेवटच्या ओळीचा अर्थ लावतात. वच् म्हणजे बोलणं, वाचयति म्हणजे बोलायला लावणं, म्हणजेच मोठ्याने वाचणं, आणि त्याचंच आपलं वाचणं. हजार वर्षांपूर्वीच्या दगडासमोर उभं राहून मुलांनी ते वाचायचा प्रयत्न करावा. एक अक्षर लागलं तरी पुरे.

आणलेल्या पुस्तकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे घातलेत म्हणून सांगते. टाकून देऊ नका. कपाटात ठेवा, आणि तीन महिन्यांतून एकदा कुठलंही पान उघडून थोरलीसमोर धरा. जे शब्द ती न शिकवता सांगेल त्यांवर पेन्सिलीने खूण करा. जे येणार नाहीत ते बघा, त्यांतले बहुतेक तूप आणि अडसराच्या जातीचे निघतील. तेवढे एका कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद आजीच्या हातात द्या.